नाटकात गातंय कोण?

मराठी रंगभूमीचा इतिहास म्हटलं की नाटककारांची यादी सुरू होते. पण मला विचाराल तर, स्टेजवर गातंय कोण एवढं बघितलं तरी बराच इतिहास कळतो.

तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या शेवटी मराठी नाटकं लिहिली गेली, पण ती तिकडेच राहिली. आपल्याकडे सुरुवात १८४३ ची, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं तेव्हाची. पदं सगळी सूत्रधार म्हणायचा, आणि पात्रं येऊन आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची, राक्षस तर तलवारी फिरवत अललडुर्र करत घुसायचे.

मग ३१ ऑक्टोबर १८८०, पुणं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतलचे पहिले चार अंक केले आणि गाणं सूत्रधाराकडून पात्रांकडे आलं. चौथा अंक म्हणजे शकुंतलेची पाठवणी. कण्वाच्या भूमिकेत बाळकोबा नाटेकर, आणि लेक सासरी निघालीय ते दुःख तो बाप स्वतःच्या गळ्यातून गातोय, हे त्या प्रेक्षकाला किती नवीन वाटलं असेल विचार करा!

पुढे बालगंधर्वांच्या काळात गाणं इतकं मोठं झालं की वन्स मोअरवर वन्स मोअर, रात्र सरायची तरी नाटक संपेना. गाणं अप्रतिमच, पण गोष्ट मागे पडत गेली असं मला वाटतं. १९३२ मध्ये मराठी बोलपट आले, आणि नाटक कंपन्या मोडत गेल्या.

आणि मग १६ डिसेंबर १९७२, सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर, घाशीराम कोतवाल. लिहिलं तेंडुलकरांनी, बसवलं जब्बार पटेलांनी, संगीत भास्कर चंदावरकरांचं. पडद्याच्या जागी ओळीने उभी माणसं. ती गातात, डोलतात, पाठ फिरवली की भिंत होते आणि त्या भिंतीमागे काय चाललंय ते लपवायचं कामही तीच करतात. म्हणजे गाणं आता गर्दीकडे गेलं, आणि अन्याय झाकणारी गर्दी गोड गाते हे बघताना अंगावर काटा येतो राव. नाटकावर वादही प्रचंड झाला, तरी १९८० मध्ये ते युरोप गाजवून आलं.

त्याच भरतला दरवर्षी पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, प्राथमिक फेऱ्या असतात. एकदा जाऊन बसा, आणि कॉलेजची पोरं गाणं कोणाला देतात तेवढं बघा.