पदवीधर मतदारसंघातले दोन चुलतभाऊ

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत आणि त्यांपैकी ७ जागा पदवीधर मतदारसंघांच्या आहेत. या नावातील 'पदवीधर' आणि 'मतदार' हे दोन शब्द शेजारी उभे राहतात, तेव्हा एकाच घरातून निघून वेगवेगळ्या वाटांनी आलेले दोन चुलतभाऊ एका ओळीत बसलेले असतात. आजच्या व्याख्यानाचा विषय त्यांपैकी धाकटा, म्हणजे 'दार' हा आहे.

'धर' संस्कृत 'धृ' धातूपासून आला. धारण करणे, पेलणे हा त्याचा अर्थ. गिरिधर, चक्रधर, मुरलीधर ही नावे त्याचीच. फारसीतील 'दाश्तन' म्हणजे बाळगणे, जवळ असणे. त्याचे वर्तमानकाळी अंग 'दार'. संस्कृतातील महाप्राण घोष व्यंजनांच्या (घ, ध, भ) जागी इराणी भाषांत अल्पप्राण व्यंजने (ग, द, ब) आढळतात, म्हणून 'भ्रातृ'चा जोडीदार तिकडे 'बरादर' आणि 'घर्म'चा 'गर्म'. (आपल्याला घामही मिळाला आणि गरमही.) त्याच न्यायाने 'धर'च्या जागी 'दार' येतो. इसवी सनापूर्वी ५२२ मध्ये गादीवर आलेल्या इराणी सम्राटाचे 'दारयवहु' हे नावही या धातूचेच: चांगले ते धरून ठेवणारा. त्यातील 'वहु' म्हणजे आपला 'वसु'.

पुढे हा प्रत्यय राज्यकारभाराबरोबर दूरवर पसरला. कैरोच्या ममलूक दरबारात 'दवादार' हा मोठा अधिकारी होता. शब्दशः अर्थ दौत बाळगणारा. उस्मानी तुर्कांचा 'दफ्तरदार' खजिना सांभाळी, तर पेशवाईतला दप्तरदार हिशेबाची दप्तरे. तुर्कीत निशाणाला 'बायराक' म्हणतात. तो शब्द अस्सल तुर्की, तरी निशाण धरणारा झाला 'बायराकतार'. शेवटच्या कठोर 'क'मुळे 'द'चा 'त' झाला, इतकेच.

मराठीत हा प्रत्यय किल्लेदार, हवालदार, फौजदार, जहागीरदार असा पदाधिकाऱ्यांच्या मागे लागून आला. शिवराज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराचा अमात्य झाला आणि रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पदे बदलली, पण प्रत्यय हलला नाही, कारण तोवर तो दरबारापुरता उरलेला नव्हता. टोकदार, धारदार, पाणीदार, डौलदार या शब्दांत पद नाही, अधिकारही नाही. केवळ गुण असणे आहे. 'पाणीदार डोळे' म्हणताना कोणाला इराण आठवत नाही. 'कंत्राटदार' या शब्दात तर इंग्रजी मूळ आणि फारसी शेपूट, आणि तरी शब्द पक्का मराठी.

अर्थ मात्र सर्वत्र सरळ राहिलेला नाही. 'खबरदार' म्हणजे मुळात ज्याला खबर आहे तो, सावध. आपण तो धमकीसाठी वापरतो. 'आमदार' आणि 'खासदार' यांत 'आम' किंवा 'खास' बाळगणारा असा अर्थ लावू गेल्यास हाती काही लागत नाही. तिथे 'दार' केवळ पदाची खूण म्हणून उरला आहे, आणि माझ्या मते हीच त्याच्या मराठीपणाची सर्वांत मोठी साक्ष आहे.

'मतदार' मात्र अर्थाला धरून आहे. हिंदीने 'मतदाता' पत्करला, म्हणजे मत देणारा. मराठीच्या शब्दात मत बाळगणारा आहे, त्यामुळे निवडणूक नसतानाही तो मतदारच राहतो.

बँकेच्या कागदांवर 'खातेदार' आणि 'खातेधारक' हे दोन्ही शब्द एकाच माणसासाठी येतात. दुसरा अधिक शुद्ध वाटतो, पण 'धारक' हाही त्याच 'धृ'चा. येथे दोहोंत फरक नाही. 'भागीदार' आणि 'भागधारक' यांत मात्र व्यवहाराने तो केला: भागीदारी संस्थेतल्या भागीदाराला देणी स्वतःच्या मालमत्तेतूनही फेडावी लागू शकतात, तर मर्यादित कंपनीच्या भागधारकाची जोखीम सामान्यतः त्याच्या भागांच्या रकमेपलीकडे जात नाही.