पोटगीची थकबाकी आणि तिच्यावरचे व्याज

श्रोतेहो, नमस्कार. नाशिकच्या न्यायालयात वकिली करताना आया मला हमखास विचारतात, "ताई, दोन वर्षे मुलाची पोटगी आलेली नाही, त्यावर व्याज तर चढतच असेल ना?" या प्रश्नाला नाही म्हणताना मला आजही जड जाते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अपत्याच्या थकलेल्या पोटगीवर कायद्यानेच वर्षाला १० टक्के व्याज लागते. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पोटगीविषयक कलम १४४ मध्ये, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये, व्याजाची तरतूदच नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली दिवाणी दावा केला असेल, तर हुकूमनाम्याच्या रकमेवर न्यायालय सहसा वार्षिक ६ टक्क्यांपर्यंत व्याज देऊ शकते; मात्र हुकूमनाम्यात त्याचा उल्लेख नसेल, तर ते नाकारले असे धरले जाते. म्हणून व्याजाची मागणी मूळ अर्जातच लिहावी, असा माझा आग्रह असतो.

मंजूर झालेल्या व्याजाचा हिशेबही नीट समजून घ्यायला हवा. दरमहा ५,००० रुपये आणि ६ टक्के सरळव्याज धरले, तर प्रत्येक थकलेल्या हप्त्यावर महिन्याला २५ रुपये होतात. बारावा हप्ता देय होतो त्या दिवशी पहिला हप्ता ११ महिने थकलेला असतो, दुसरा १० महिने, आणि बारावा त्याच दिवशीचा; अशा एकूण ६६ महिन्यांचे व्याज १,६५० रुपये होते. एकूण ६०,००० रुपयांवर सरसकट वर्षाचे ३,६०० रुपये लावणे चूक आहे.

व्याजापेक्षा मोठे नुकसान मुदतीने होते. कलम १४४ खालील वसुली वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 'आज देईल, उद्या देईल' म्हणून वाट पाहण्यात जुने हप्ते या मार्गातून निसटतात. पोटगी न दिल्याबद्दल कैद भोगल्याने मात्र थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

सातपूरच्या एका भगिनीने माझ्यासमोर भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने ठेवली होती. दुधाच्या खाड्यांशेजारी, पोटगी आलेल्या दिवशी रक्कम आणि न आलेल्या महिन्यात नुसती फुली. त्या फुल्यांवरूनच आम्ही वसुलीचा अर्ज लिहिला. सर्वांत जुन्या फुलीचे वर्ष भरायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.