ब्लॅकवॉटरच्या चिखलात एक गायनवृंद

[दृश्य: उंचावरून दिसणारं खाडीचं पात्र. ओहोटी. दोन्ही काठांच्या मधोमध पाण्याची एक अरुंद पट्टी.]

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्समध्ये, मॉल्डन नावाचं एक जुनं बंदर आहे. इथली ब्लॅकवॉटर म्हणायला नदी, पण मॉल्डनपाशी ती खाडीच होऊन जाते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरतीला पात्र काठोकाठ भरतं आणि धक्क्यावरच्या जुन्या शिडाच्या बोटी डोलायला लागतात. ओहोटीला पाणी निघून जातं आणि मागे उरतो तो चिखल. काळपट, चकचकीत, मऊ. त्या बोटींचे तळ मुद्दाम सपाट बांधलेले असतात. पाणी गेलं की बोटीने आडवं न होता चिखलावर नीट बसावं, म्हणून.

आज या चिखलातून पलीकडे जाऊन परत यायच्या शर्यतीसाठी शेकडो माणसं इथे उतरणार आहेत. त्यांच्यात एक गायनवृंद आहे.

[दृश्य: काठावरची गर्दी. चित्रविचित्र वेश. काळे कपडे आणि गळ्यात काळे बो-टाय घातलेली माणसं एकमेकांच्या बुटांभोवती चिकटपट्टी गुंडाळताना.]

आठवड्यातून एकदा चर्चच्या सभागृहात जमणारी ही साधी, हौशी मंडळी. कुणी शिक्षिका, कुणी निवृत्त परिचारिका, कुणी बस चालवणारा. वय वर्षं तेवीसपासून सत्तरीपर्यंत. धावण्याचा सराव कुणालाच नाही. बायकांत उंच पट्टीचे सोप्रानो आणि खालचे आल्टो, पुरुषांत उंच टेनर आणि खर्जातले बास, असे गळ्याचे चार गट, आणि आज त्यांचा पहिला प्रश्न असा की चिखलात पुढे कोण जाणार आणि मागे कोण राहणार.

मैफलीचे काळे कपडे घालून ते आलेत, त्यामागे या शर्यतीचा इतिहास आहे. १९७३ सालची गोष्ट. हाइद क्वे या धक्क्याजवळ ‘क्वीन्स हेड’ नावाचा पब आहे. तिथे कुणीतरी पैज लावली की झकपक डिनर जॅकेट घालून नदीपात्रातल्या खारपट्ट्यावर जेवण वाढून दाखवायचं. पैज जिंकली गेली. पुढच्या वर्षी त्याच खारपट्ट्यावर चक्क बार मांडला, आणि वीसेक माणसं चिखल तुडवत पलीकडे गेली, एकेक पाइंट बिअर रिचवली आणि तशीच परत आली. पुढे रोटरी आणि लायन्ससारख्या सेवाभावी क्लबांनी ही शर्यत हाती घेतली आणि तिच्यातून चांगल्या कामांसाठी पैसा उभा राहू लागला. पूर्वी ती ऐन हिवाळ्यात व्हायची. आता ती वसंतात होते. वेळ मात्र अजूनही भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच ठरते. खाडी कुणासाठी थांबत नाही.

मार्ग कागदावर अगदी किरकोळ. पात्र ओलांडायचं, पलीकडच्या काठाने थोडं जायचं, पुन्हा पात्र ओलांडून यायचं. सगळं मिळून अर्धा किलोमीटरच्या आसपास. भिंती नाहीत, दोर नाहीत, काटेरी तारा नाहीत. इतर अडथळ्यांच्या शर्यतींत हे सगळं माणसाला उभारावं लागतं. इथे अडथळा आधीपासून तयार असतो आणि तो दर पावलाला बदलतो.

[दृश्य: जवळून. एक बूट चिखलात रुततो. वर येतो तो नुसता मोजा.]

हा चिखल पाय का सोडत नाही, ते समजून घेण्यासारखं आहे. गाळाचे आणि चिकणमातीचे अतिशय बारीक कण पाण्यात एकमेकांना धरून बसलेले असतात. त्यांना ढवळलं की पकड सुटते आणि चिखल पातळ होतो; स्थिर ठेवलं की तो पुन्हा घट्ट व्हायला लागतो. म्हणजे पाय टाकला की आत जातो, आणि तिथेच थांबलात की भोवतालचा गाळ आवळत जातो. वर ओढायला जावं तर पायाखाली हवा शिरायला वाव नसतो, मग खालून शोषल्यासारखी ओढ बसते. बूट जातात ते या ओढीने. म्हणून अनुभवी मंडळी घोट्यापासून तळव्यापर्यंत चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे देतात. आणि पाय अडकलाच तर हिसका द्यायचा नाही. पाऊल सावकाश हलवत भोवती पाणी शिरू द्यायचं, अंगाचा भार पसरायचा, वेळ पडली तर सरळ चार पायांवर रांगायचं. इथे रांगण्याची लाज कुणालाही वाटत नाही. पुढे जाण्याचा सगळ्यात शहाणा मार्ग बरेचदा तोच असतो.

या चिखलाने फार मोठी माणसंही अडवली आहेत.

[दृश्य: नॉर्दी बेट. ओहोटीत उघडी पडलेली अरुंद वाट. दूरवर हातात तलवार उंचावलेला पुतळा.]

मॉल्डनच्या खालच्या अंगाला नॉर्दी नावाचं बेट आहे. किनाऱ्यापासून बेटापर्यंत जाणारी वाट ओहोटीतच उघडी पडते, भरतीत पाण्याखाली जाते. ९९१ सालच्या ऑगस्टमध्ये व्हायकिंग लुटारूंचं आरमार इथे येऊन थडकलं. किनाऱ्यावर एसेक्सचा सरदार ब्रिथनॉथ आपलं सैन्य घेऊन उभा होता. मधे भरतीचं पाणी. दोन्ही सैन्यं समोरासमोर, एकमेकांना ओरडून बोलता येईल इतकी जवळ, पण हात लावता येत नव्हता. पाणी ओसरलं, वाट उघडी पडली आणि लढाई झाली. ब्रिथनॉथ मारला गेला. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाने दहा हजार पौंड वजनाची चांदी देऊन हल्लेखोरांना परत पाठवलं. या लढाईवर जुन्या इंग्रजीत एक कविता आहे. तिची सुरुवात आणि शेवट हरवलेला आहे. तिची हस्तलिखित प्रत १७३१ च्या आगीत जळाली, पण त्याआधी कुणीतरी नक्कल करून ठेवली होती म्हणून आज ती वाचता येते. सरदार पडल्यावर पळून न जाता त्याच्या शेजारी उभे राहिलेल्या माणसांविषयी ती कविता फार आतून बोलते. शर्यतीच्या मैदानालगतच्या काठावर ब्रिथनॉथचा पुतळा आहे. तो खाडीकडे बघत उभा आहे.

आता आजच्या कारणाकडे येऊ.

या वृंदाला पैसे उभे करायचे आहेत ते एका हॉस्पिससाठी. आजार बरा होण्यापलीकडे गेला की माणसाच्या वेदना कमी करायच्या, त्याला आणि त्याच्या घरच्यांना सोबत द्यायची, हे हॉस्पिसचं काम. या कामाला आजचं रूप दिलं ते सिसली साँडर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, आणि मग मरणाच्या दारातल्या रुग्णांचं दुखणं कुणी नीट ऐकत नाही म्हणून त्या डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. शरीराचं दुखणं, मनाचं दुखणं, घरच्यांची काळजी, पैशाची चिंता हे सगळं मिळून एकच वेदना असते, हे त्यांनी वैद्यकशास्त्राला समजावून दिलं. तो विचार जगभर गेला. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन उभं राहिलं, त्यामागेही हीच तळमळ होती.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा सर्वांसाठी आहे, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हॉस्पिसचा खर्चही सरकारच करत असेल. तसं नाही. प्रौढांच्या हॉस्पिसना सरकारकडून मिळतो तो साधारण एक तृतीयांश वाटा. उरलेलं सगळं लोकांच्या खिशातून येतं. मृत्युपत्रातल्या देणग्या, जुन्या कपड्यांची दुकानं, केकविक्री आणि अशा शर्यती. रात्रपाळीची परिचारिका कुणाच्या तरी चिखलात लोळण्यावर अवलंबून असावी, हे मला बरं वाटत नाही. ही जबाबदारी सरकारची आहे. पण ज्यांच्या घरात आज रात्री कुणी शेवटचे दिवस मोजतंय, त्यांना धोरण बदलेपर्यंत थांबता येत नाही, आणि हा वृंद थांबलेला नाही.

पैसा येतो तो पुरस्कर्त्यांकडून. मी शर्यत पुरी केली तर तुम्ही काय द्याल, असं शेजारी, नातेवाईक, कचेरीतले सहकारी यांना विचारायचं. देणारा करदाता असेल तर ‘गिफ्ट एड’ या सवलतीमुळे त्याच्या प्रत्येक पौंडामागे सरकार आणखी २५ पेन्स संस्थेला देतं. त्यासाठी फक्त एका चौकटीत खूण करायची असते. वृंदाचे खजिनदार गेले काही आठवडे प्रत्येकाला त्या चौकटीचीच आठवण करून देताहेत.

[दृश्य: सुरुवातीची रेषा. भोंगा वाजतो.]

पहिली पंचवीस-तीस पावलं हसण्यात जातात. मग आवाज बदलतो. चिखलाचा एक जाड, ओला आवाज येऊ लागतो.

वृंदाचा बेत असा होता की दणकट अंगाचे बास गायक पुढे जाऊन वाट पाडतील आणि बाकीचे त्यांच्या मागोमाग येतील. खाडीने तो बेत काही क्षणांत मोडला. पुढच्यांनी तुडवलेला चिखल पातळ झाला आणि मागचे त्यात गुडघ्यापर्यंत गेले. कुणीतरी डावीकडे सरकलं, कोऱ्या गाळावर. तिथे पाय कमी रुतला. ते बघून सगळा वृंद पांगला आणि रुंद ओळीत, शेजारी शेजारी चालू लागला, प्रत्येकजण शेजाऱ्याच्या हाताच्या अंतरावर. सभागृहात ते असेच उभे असतात.

मग आलं मधलं पाणी.

थंड पाणी अंगावर आलं की माणूस आपोआप मोठ्याने श्वास ओढतो, आणि पुढची दोन-तीन मिनिटं धाप आवरत नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. या वेळी घाबरून हातपाय झाडणं सगळ्यात वाईट. श्वास लांब सोडत राहिलं की शरीर हळूहळू जागेवर येतं. गाणाऱ्यांना इथे एक गोष्ट उपयोगी पडली. दमसास. श्वास पटकन घ्यायचा आणि सावकाश, मोजून सोडायचा, याचा रियाज त्यांनी वर्षानुवर्षं केलेला आहे. पाण्यात कंबरेपर्यंत गेल्यावर टेनर मंडळींपैकी एकाने एकच सूर धरला. शब्द नाहीत, चाल नाही, नुसता एक लांबलेला आकार. शेजारच्यांनी तो उचलला. ज्याचा दम तुटला तो थांबला, श्वास घेतला, पुन्हा मिळाला. सूर तुटला नाही.

समूहगानात हे नेहमीच घडतं. लांब ओळ एका दमात कुणालाच गाता येत नाही, म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नसतो. आपल्याकडे शाहीर पोवाडा गाताना दम घ्यायला थांबतो तेव्हा मागचे झीलकरी सूर खाली पडू देत नाहीत, तसंच. २०१३ साली स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. गाण्याची रचना श्वासाला बांधते, आणि श्वास एकत्र आला की ठोक्यांचा वेगही एकत्र वरखाली होतो, असं त्यांना दिसलं. ब्लॅकवॉटरच्या पाण्यात कुणाच्या छातीला यंत्रं लावलेली नाहीत. पण त्या मिनिटात कुणीही घाबरलं नाही, हे आमच्या कॅमेऱ्याने टिपलं आहे.

[दृश्य: परतीचा चिखल. आल्टो गटातल्या वयाने सगळ्यात मोठ्या बाई मांडीपर्यंत रुतलेल्या.]

परतीचा टप्पा अवघड असतो. शेकडो पायांनी चिखल घुसळून काढलेला, आणि अंगात ताकद उरलेली नाही. निवृत्त परिचारिका असलेल्या बाई इथे अडकल्या. याच हॉस्पिसमध्ये त्यांनी नोकरीची अखेरची वर्षं काढली, आणि वृंदाने इथे यावं हा आग्रहही त्यांचाच. बचाव पथकाचा माणूस जवळच उभा आहे, फळी घेऊन. त्यांनी हात हलवून त्याला थांबायला सांगितलं. मग दोघीजणी त्यांच्या दोन्ही बाजूंना पोटावर आडव्या झाल्या, म्हणजे भार पसरावा आणि त्यांना टेकायला काहीतरी मिळावं. तिसरीने हाताने गाळ उपसून त्यांच्या पायाभोवती पाणी सोडलं. एक पाय निघाला. मग दुसरा. बूट तिथेच राहिला.

तोवर बाकीचा वृंद काठाजवळ पोचलेला होता. त्यातलं कुणीही वर चढलं नाही. कंबरेला कंबर लावून, थंडीने थडथडत, ते तिथेच उभे राहिले. शर्यत जिंकणारे केव्हाच आंघोळीला गेले होते. चौघीजणी रांगत येऊन मिळाल्या आणि सगळे एकदम बाहेर आले. त्यांचा नंबर कितवा लागला हे त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

[दृश्य: पाण्याचे फवारे. गळ्यातल्या बो-टायचा रंग हळूहळू पुन्हा काळा होतो.]

पुढच्या सरावाला खजिनदारांनी वही आणली. शर्यतीच्या दिवसापर्यंत जमलेल्या रकमेपेक्षा नंतरच्या आठवड्यात आलेली रक्कम मोठी होती. चिखलाने माखलेले फोटो बघितल्यावर लोकांनी दुसऱ्यांदा पैसे पाठवले. देणग्यांचं पान अजून काही आठवडे उघडं राहणार आहे. त्या संध्याकाळी बाई घोट्याला पट्टी बांधून आल्या होत्या. आल्टोंच्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, ती त्यांनी बाजूला सरकवली, आणि संचालकांनी नाताळासाठी हॉस्पिसमध्ये गायच्या गाण्यांचे कागद वाटायला घेतले.