अस्तराच्या तळ्यातील पाणवनस्पती

खड्डा खणून त्यात रबराचे किंवा प्लास्टिकचे अस्तर अंथरले की पाणी साठते. परंतु नैसर्गिक तळ्याच्या तळाशी असणारा गाळ तिथे नसतो. माती अस्तरावरच पसरली, तर पाणी वारंवार गढूळ होते आणि जोमदार झाडे पसरून आवरेनाशी होतात. म्हणून अशा तळ्यात माती असावी ती कुंडीतच.

ही माती निवडताना विशेष काळजी घ्यावी. कोकोपीट आणि पालापाचोळ्याचे हलके मिश्रण पाण्यावर तरंगू लागते, आणि त्यातले जे तळाशी उरते ते हवेअभावी कुजून काळे पडते. इथे हवी ती जड, चिकण माती.

आता कुमुदिनीचा हा कंद जवळून पाहू. याच्या एका टोकाला कोवळी, तांबूस पाने गुंडाळलेली दिसतात. वाढ होते ती याच टोकाकडून. म्हणून कंदाची जुनी बाजू कुंडीच्या कडेला टेकवून वाढीचे टोक मध्याकडे करावे, ते मातीत पुरले जाणार नाही हे पाहावे आणि उरलेल्या मातीवर बारीक खडीचा थर द्यावा. आरंभी कुंडी विटांवर ठेवून तिच्यावर १० ते १५ सेंटिमीटर पाणी राहू द्यावे, आणि पानांचे देठ लांबत जातील तसतशी ती खाली न्यावी. विटांच्या कडांनी अस्तर कापू नये, यासाठी त्यांच्याखाली अस्तराचाच एक तुकडा घालणे उत्तम.

कमळाची कुंडी मात्र रुंद, गोल आणि तळाला छिद्र नसलेली हवी. त्याचा कोंब फार नाजूक असतो, तो मोडला तर कंद बहुधा कुजतो. पाणकणसाच्या खोडांची जमिनीखालील टोके अणकुचीदार असून अस्तर भेदू शकतात, त्यामुळे तेही बंद तळाच्या भांड्यातच लावावे.

नव्या तळ्याचे पाणी सुरुवातीला हिरवे होते. ते बदलण्याचा मोह आवरावा, कारण नव्या पाण्याबरोबर शैवालासाठी नवी पोषकद्रव्येही येऊ शकतात. पानांनी साधारण निम्मा पृष्ठभाग झाकला की शैवालाला प्रकाश कमी पडतो, आणि पाण्याखालच्या वनस्पती पोषकद्रव्ये शोषून घेतात. याच वनस्पती रात्री प्राणवायू वापरतात. त्यांची फार दाटी झाली तर पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, तेव्हा विरळणी करायलाच हवी. काढलेल्या वनस्पती, विशेषतः जलपर्णी, ओढ्यात किंवा नदीत कदापि टाकू नयेत. त्यांचे खत करावे.