कांद्याचं मूळ, देवमाशाचा हात

(दृश्य: शाळेची प्रयोगशाळा, सकाळ. खिडकीतल्या बरण्या जवळून.)

बरण्यांच्या तोंडावर बसवलेले हे कांदे, मुळाच्या पेशी विभागताना बघण्यासाठी. बूड पाण्याला जेमतेम टेकलेलं, बाकी अंग कोरडं. जुनी वाळलेली मुळं ब्लेडने खरवडून काढायची आणि कांदा असा चार-पाच दिवस ठेवून द्यायचा, की खाली पांढरी, सरळ मुळं सुटतात. बडोद्यातल्या या शाळेत बारावी सायन्सच्या मुलांनी कांदे आपापल्या घरून आणलेत. जीवशास्त्राच्या मॅडमचा तसा दंडकच आहे. शाळेने आणलेला कांदा सडला तर कुणाला काही वाटत नाही, घरच्या कांद्याची चौकशी रोज होते.

मुळं कापायची ती सकाळी 8 ते 10 च्या दरम्यान. टोकाकडच्या पेशींचं विभाजन त्या वेळी जोरात असतं. कापलेली मुळं लगेच अ‍ॅसिटो-अल्कोहोलमध्ये जातात: एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, तीन भाग अल्कोहोल. पेशी असेल त्या अवस्थेत थबकते. विभाजन अर्ध्यावर आलं असेल तर अर्ध्यावरच. 24 तासांनी मुळं 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायची, म्हणजे मग प्रॅक्टिकलचा तास कधी मिळतोय याची वाट बघायला ती मोकळी. आणि तो तास सहजासहजी मिळत नाही.

(दृश्य: वॉच ग्लास, स्पिरिटचा दिवा, हात.)

आता हे नीट बघा. वॉच ग्लासमध्ये मूळ, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा थर त्याने सैल पडतो. मग मूळ धुऊन घ्यायचं आणि त्यावर अ‍ॅसिटोकार्मिनचे दोन-तीन थेंब टाकायचे. हा लाल रंग येतो कोचिनील नावाच्या किड्यापासून, निवडुंगावर जगणाऱ्या. म्हणजे कांद्याची गुणसूत्रं दिसावीत म्हणून एक किडा खर्ची पडतो. जीवशास्त्राच्या तासाला हे कुणी सांगत नाही, इथे लॅबमधल्या काकांनी सांगितलं.

वॉच ग्लास दिव्यावरून फिरवायची. "कोमट कर, उकळू नकोस," काका मागून म्हणतात. त्यांचं लक्ष एकाच वेळी चार दिव्यांवर असतं. मुळाचं अगदी टोक, दोन-तीन मिलिमीटर, बाकीच्या मुळापेक्षा गडद होतं. तेवढंच ठेवायचं, उरलेलं फेकून द्यायचं. बहुतेकांची चूक इथेच होते: गडद टोक हातून निसटतं आणि फिकट तुकडा स्लाइडवर जातो. मग अर्धा तास लेन्सला डोळा लावून बसलं तरी लांबट, शांत पेशींपलीकडे काही दिसत नाही.

टोकावर कव्हरस्लिप. तिच्यावर टीपकागद. आधी पेन्सिलच्या मागच्या बाजूने हलके ठोके, मग अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा आडवा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात, दाब जास्त झाला की काच तडकते. कॅमेरा या अंगठ्यावर जरा जास्तच रेंगाळलाय. मुद्दामच.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून दिसणारं चित्र.)

आधी 10 ची लेन्स, मग 40 ची. दिसणाऱ्या पेशींत बहुतेक इंटरफेजमधल्या, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळातल्या: गोल केंद्रक, आत काहीच चाललेलं नाही असं वाटावं अशा. प्रत्यक्षात डीएनए दुप्पट करण्याचं सगळं काम याच काळात उरकलेलं असतं. यांच्यातून विभागणारी पेशी हुडकायची.

"मॅडम, ही मधे रेघ दिसतेय, ती मेटाफेज ना?"

"रेघ नाही ती. फाइन फोकस फिरव."

फिरवल्यावर रेघेचे तुकडे होतात. गुणसूत्रं, मधोमध रांगेला लागलेली: हीच मेटाफेज. कांद्याच्या मुळाच्या पेशीत ती 16. या मुलीने मोजली तर बारा-तेरा भरली, बाकीची एकमेकांवर पडलेली. तिने स्लाइड काढली आणि दुसरं मूळ घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं.

तयार स्लाइड कपाटात आहेत. लाकडी पेटीत, सुबक, नावं लिहिलेल्या. त्यांत सोळाच्या सोळा दिसतात.

(दृश्य: जर्नल, पेन्सिल, पट्टी.)

सीबीएसईच्या बारावीला जीवशास्त्राचे 100 गुण: लेखी 70, प्रॅक्टिकल 30. या 30 मध्ये स्लाइड करून दाखवण्याला 5, मोठ्या प्रयोगाला 5, छोट्याला 4, स्पॉटिंगला, म्हणजे मांडून ठेवलेले नमुने ओळखण्याला, 7. उरलेले जर्नल, प्रोजेक्ट आणि तोंडीचे. आकृती एचबी पेन्सिलीनेच काढायची, छायाछटा नको, नावाच्या रेघा पट्टीने आणि सगळ्या एकाच बाजूला. पालकाच्या पानांतून डीएनए वेगळा काढण्याचा प्रयोगही याच यादीत आहे. थंडगार अल्कोहोलमध्ये पांढरे धागे वर येतात तेव्हा सगळ्या वर्गाचे मोबाइल बाहेर निघतात. ते चित्रण आमच्याकडे आहे, पण हललेलं.

दुसरीकडे नीट, मेडिकलची प्रवेश परीक्षा. तिथे 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे, 90 प्रश्न, सगळे बहुपर्यायी. चुकलं की एक गुण वजा. तिथे अंगठा लागत नाही. त्यामुळे अकरावी-बारावीत शाळेत नुसतं नाव ठेवायचं आणि दिवसभर क्लासला बसायचं, ही डमी अ‍ॅडमिशनची सोय सगळ्यांना ठाऊक आहे. 75 टक्के हजेरीचा नियम आहे, कागदावर. या वर्गातही मागचे बाक रिकामे आहेत. कॅमेरा तिकडे वळवला नाही, मुलांच्या आईवडिलांचा निर्णय आहे तो.

(दृश्य: कपाट. मेणाचे ट्रे, गंजलेल्या कात्र्या.)

याच मुलांच्या आईवडिलांनी या ट्रेमध्ये बेडूक कापलेत. शाळांतून विच्छेदन कधीच गेलं; 2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने कॉलेजांतही ते थांबवायला सांगितलं. बेडकाच्या जागी प्लॅस्टिकचं मॉडेल आलं, हे चांगलंच झालं. पण कांद्याच्या जागीही आता व्हिडिओ येऊ लागलाय. (हे आम्ही व्हिडिओतच सांगतोय, हेही आलंच.)

(दृश्य: सयाजीबाग, संग्रहालय.)

मॅडम वर्गाला घेऊन कमाटीबागेत, म्हणजेच सयाजीबागेत आल्यात. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1894 साली उभं राहिलेलं हे संग्रहालय. 1906 मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणारा हा राजा. शाळा आणि संग्रहालय ही त्याला दोन वेगळी खाती वाटत नसावीत. बडोद्यातलं मराठी घर असं नाही जिथल्या मुलाने इथली ममी पाहिलेली नाही. पण आज आपण तिच्यासाठी आलेलो नाही.

निळ्या देवमाशाचा हा सांगाडा. 70 फुटांहून लांब. 1944 साली हा मही नदीत वाहून आला होता. लहानपणी सगळे याचा जबडा बघतात. आज मॅडम बाजूच्या वल्ह्यासारख्या पराकडे बोट दाखवतायत. खांद्याशी आखूड, जाड हाड: आपला दंड. पुढे शेजारी शेजारी दोन: कोपर ते मनगट. मग मनगटाचे तुकडे, मग बोटं. आपल्या बोटांपेक्षा पेरं कितीतरी जास्त. आणि देवमाशांच्या या कुळात बोटं पाच नाहीत, चार.

मागे उभा असलेला मुलगा आपला हात वर धरून एकदा हाताकडे, एकदा सांगाड्याकडे बघतोय. पुस्तकात माणूस, चित्ता, देवमासा आणि वटवाघूळ यांचे पुढचे अवयव एका चित्रात शेजारी शेजारी छापलेत. समजात अवयव, म्हणजे काम वेगळं पण मूळ रचना एकच असलेले; परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. त्या चित्रात चारही सारख्याच मापाचे आहेत. इथे नाहीत.

(दृश्य: विश्वामित्रीवरचा पूल. काठावर मगर.)

बागेला लागून विश्वामित्री. हे काठावर पडलेलं लाकूड नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचं हृदय साधारणपणे तीन कप्प्यांचं, मगरीचं चार. अकरावीच्या पुस्तकातला हा अपवाद इथे पुलावरून दिसतो, फुकट. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी रस्त्यांवर आणि सोसायट्यांत शिरल्या, तेव्हा या मुलांनी हा अपवाद फारच जवळून पाहिला. ती मगर जाग्यावरून हलेल म्हणून आम्ही बराच वेळ थांबलो. ती हलली नाही.

(दृश्य: प्रयोगशाळेचं बंद दार, बाहेर रांग.)

प्रॅक्टिकल परीक्षेत कॅमेरा आत नेता येत नाही. बाहेरचे परीक्षक आले, सकाळची तुकडी, दुपारची तुकडी, झालं. स्पॉटिंगमध्ये समजात अवयवांचं मॉडेल होतं म्हणे. लेखी पेपर मार्चमध्ये झाला, नीट मेच्या पहिल्या रविवारी. दुसरं मूळ घेणारी मुलगी सयाजीराव विद्यापीठात बीएस्सीला गेली, वनस्पतीशास्त्र घेऊन. हात वर धरणारा मुलगा ड्रॉप घेऊन पुन्हा नीट देतोय, यंदा दिवसभर क्लासला. मॅडमनी नव्या वेळापत्रकात प्रॅक्टिकलला सलग दोन तास मागितलेत.