छत ठोकून बघ, भाऊ : नागपूर परिसरातलं आभासी प्रशिक्षण

[पडदा काळा. फक्त आवाज. दगडावर लोखंडी कांब आपटते : टण्, टण्, टण्. आणि मग एकदम, ढब्ब.]

निवेदन :

हा शेवटचा आवाज ऐकला की खाणीतला जुना माणूस पाऊल मागे घेतो. छत टणटणीत वाजलं तर दगड एकसंध आहे. ढब्ब वाजलं तर आतला थर सुटलाय, वर पोकळी झालीय. तो दगड तासाभराने पडेल की आत्ता, याचा भरवसा नाही. कोळशाच्या भूमिगत खाणीत नव्या माणसाला सुरुवातीलाच हे शिकवतात. कांब घ्यायची, छत ठोकायचं, कान द्यायचा.

[दृश्य : प्रशिक्षणाची खोली. खिडकीत घरघरणारा कूलर. डोक्याला हेडसेट लावलेला एक तरुण हात वर करून हवेत ठोकतोय.]

हा पोरगा तेच करतोय, पण जमिनीच्या वर, सावनेर पट्ट्यातल्या एका प्रशिक्षण केंद्रात. डोक्याला लावलेल्या हेडसेटमधून त्याला डोळ्यांपुढे आभासी खाण दिसते, आणि हातात कांबेऐवजी प्लास्टिकचा कंट्रोलर आहे. ठोकलं की तो थरथरतो आणि कानात आवाज येतो. ढब्ब वाजलेलं त्याने ऐकलं, तरी गडी दोन पावलं पुढे गेलाच. छत कोसळलं. तो दचकून मटकन खाली बसला आणि मागच्या बाकावरची पोरं खो-खो हसली.

हसू द्या. छत पडण्याचा सराव खऱ्या खाणीत करताच येत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

[दृश्य : ड्रोनमधून सिलेवाडा, कामठी, सावनेर. कोळशाचे ट्रक, कन्हान नदी.]

नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना संत्री आठवतात. पण या शहराच्या भोवती पोटापाण्याची कामं बघा. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथे, मॅंगनीज काढणाऱ्या मॉईलचं मुख्यालय इथे, भारतीय खाण ब्युरो इथे. अंबाझरीला दारूगोळ्याचे भाग बनवणारा कारखाना, पलीकडे भंडाऱ्याच्या जवाहरनगरला स्फोटकांचा कारखाना, अमरावती रोडवर बाजारगावच्या बाजूला खासगी कारखाने. १७ डिसेंबर २०२३ला बाजारगावच्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि ९ कामगार गेले, त्यांत ६ बाया होत्या. २४ जानेवारी २०२५ला जवाहरनगरला ८ जण गेले. इथे प्रशिक्षण ही कागदावर सही करून उरकायची गोष्ट नाही, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लहानशा विमानासारखा दिसणारा लाकडी खोका.]

खोट्या यंत्रावर खरं काम शिकवायची कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाच्या घरी वाद्यं बनवायचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते त्याच्या रोजच्या हाताखालचे. १९२९मध्ये त्याने तेच भाते लावून एक ठोकळा विमान तयार केलं. आपल्या पेटीचा भाता जसा फुगतो-बसतो, तसा हा ठोकळा डावीकडे झुके, उजवीकडे झुके. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीचं यंत्र म्हणूनच जास्त खपलं. १९३४मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर हवाई टपाल वाहायचं काम आलं. धुक्यात, रात्री, फक्त यंत्रांवरचे काटे बघून उडायची सवय नाही. काही आठवड्यांत माणसं पटापट मेली. तेव्हा लष्कराने लिंककडून हे खोके घेतले. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यात बसून शिकले.

त्या खोक्यात बाहेरचं काहीच दिसत नसे, झाकण बंद. तरी उपयोग झाला, कारण जे शिकायचं होतं तेवढंच त्यात होतं : काटे बघणं आणि पोटात काहीही वाटलं तरी काट्यांवर विश्वास ठेवणं. आजचा हेडसेट विकायला येणारे लोक आधी चित्र किती हुबेहूब आहे ते दाखवतात. आम्हाला वाटतं, विचारायचा प्रश्न निराळा आहे. शिकणाऱ्याच्या अंगात नेमकं काय मुरायला हवं, आणि ते या यंत्रातून मुरतं का?

[दृश्य : जवळून. टेबलावर स्टीलचा, तळहाताएवढ्या रुंदीचा डबा. एक हात झाकण उघडतो. आत तोंडात धरायचा रबरी तुकडा आणि नाकाचा चिमटा.]

हा सेल्फ रेस्क्युअर. खाणीत उतरणारा माणूस हा डबा कमरेला बांधून जातो. आग लागली, धूर झाला, तर झाकण उघडायचं, रबर दातांत धरायचं, नाकाला चिमटा लावायचा आणि बाहेरची वाट धरायची. बोलायचं नाही, खुणा करायच्या.

आता यातली मेख बघा. जुन्या, गाळणीच्या प्रकारात कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये होतं आणि त्यातून उष्णता निघते. म्हणजे हवेत विष जितकं जास्त, तितका श्वास गरम. रसायनातून ऑक्सिजन तयार करणारा नवा डबाही तापतोच. तोंड कोरडं पडतं, घशात भट्टीची हवा जातेय असं वाटतं, श्वास ओढायला जोर लागतो. माणसाला वाटतं, डबा बिघडला. आणि तो डबा तोंडातून काढतो. जगभरातल्या खाणींत माणसं अशी गेली आहेत, हातातलं यंत्र नीट चालू असताना.

आता हेडसेटमध्ये काय होतं? शिकणारा कंट्रोलर तोंडाजवळ नेतो, पडद्यावर हिरवी खूण उमटते, आणि तो कूलरच्या गार हवेत आरामात श्वास घेत धुरातून चालत बाहेर येतो. शंभरपैकी शंभर गुण. शिकला काय? की सेल्फ रेस्क्युअर लावला की श्वास सुखाचा असतो. नेमकं उलटं.

[दृश्य : तीच खोली. तरुणाच्या डोक्याला हेडसेट, तोंडात सरावाचं रबर, नाकाला चिमटा. शेजारी निवृत्त ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या पाळीवर देखरेख ठेवणारा माणूस, हात मागे बांधून.]

इथल्या प्रशिक्षकांची सगळी हयात खाणीत गेली. त्यांनी यावर साधा तोडगा काढला. हेडसेट लावायचाच, पण तोंडात सरावाचं खरं रबर धरून. हे सरावाचं रबर मुद्दाम असं केलेलं असतं की श्वास जड जातो आणि गरम लागतो. डोळ्यांपुढे धूर, तोंडात ही तगमग. आणि चालायचं.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला पोरगा रबर ओढून काढतो.

[ध्वनी : प्रत्यक्ष संभाषण.]

"कायले काढला, भाऊ?"

"दम लागून रायला होता ना सर. गरम गरम येऊन रायलं होतं."

"अन् तिथं काढला असता त?"

पोरगा काही बोलत नाही. सर हेडसेट पुन्हा त्याच्या हातात देतात.

[दृश्य : संगणकाचा पडदा. शिकणाऱ्याची नजर कुठे गेली ते दाखवणारे ठिपके.]

सत्र संपलं की दुसरी अर्धी शिकवण सुरू होते, आणि आमच्या मते खरी किंमत तिचीच आहे. चांगल्या हेडसेटमध्ये डोळ्यांची हालचाल टिपली जाते. गडी कुठे बघत होता आणि कुठे बघितलंच नाही, हे सर पडद्यावर दाखवतात. त्या छत कोसळलेल्या पोराची नजर सगळा वेळ कंट्रोलरवर होती. छतातल्या भेगेवर एकदाही गेली नाही. पूर्वी असं काही प्रशिक्षकाला फक्त अंदाजाने कळायचं. सत्रानंतरची ही चर्चा बाजूला काढली, तर उरतो तो महागडा व्हिडिओ गेम.

[दृश्य : स्फोटकांच्या कारखान्याचं बाहेरचं फाटक. लाल अक्षरांत सूचना. आत कॅमेरा नाही.]

आता स्फोटकं. शेडच्या दारावर लिहिलेलं असतं : आत एका वेळी माणसं किती आणि माल किती. आत शिरण्याआधी धातूच्या पट्टीला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. ही वीज दिसत नाही, जाणवत नाही, म्हणून घाईत माणूस पट्टी विसरतो. आभासी शेडमध्ये ती वीज निळ्या रंगात अंगावर चढताना दाखवता येते. पट्टीला हात लावला की ती उतरताना दिसते. इथे यंत्र खरोखर काहीतरी असं देतं जे जुन्या मास्तरला फळ्यावर देता येत नव्हतं.

मग कोणीतरी विचारतं, की मग ऑगमेंटेड रिॲलिटीचे चष्मे लावूनच माणसं शेडमध्ये का पाठवत नाही? समोरच्या खऱ्या यंत्रावरच सूचना दिसतील की. कारण सरळ आहे. त्या चष्म्यात बॅटरी आहे, सर्किट आहे. जिथे मोबाईल बाहेर ठेवावा लागतो, तिथे हा कसा चालेल? पेट घेणारा गॅस निघतो अशा कोळशाच्या खाणीतही ठिणगी न पाडणारं, मंजुरी मिळालेलंच उपकरण जातं. देशातल्या स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. तिथल्या नियमांना वळसा घालून कुठलंही गॅजेट आत जात नाही, जाऊही नये.

असा चष्मा शोभतो मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या औद्योगिक भागात. १९९०च्या सुमारास बोइंगच्या अभियंत्यांना विमानातल्या तारांच्या जुड्या बांधताना कामगाराच्या डोळ्यांपुढे नकाशा उमटवायचा होता, तिथून ही विद्या वाढली. त्याच बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेलं देखभाल केंद्र मिहानमध्ये आहे. अशा हॅंगरमध्ये, दोन्ही हात कामात अडकलेल्या तंत्रज्ञाला असा चष्मा लागू पडतो.

[दृश्य : कामठी छावणीचा रस्ता, बाहेरून.]

कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटचं केंद्र आहे. आत काय चालतं ते आमच्या कॅमेऱ्याचं काम नाही. पण सैन्याला सिम्युलेटर का लागतो, हे एका उदाहरणावरून कळेल. तारेवरून दिशा मिळणारं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र चार किलोमीटरवर पोचायला वीसेक सेकंद घेतं. तेवढा वेळ नेमबाजाने दुर्बिणीतली खूण रणगाड्यावर धरून ठेवायची. समोरून गोळ्या येत असताना, धुरळ्यात. हात हलला की लाखोंचं क्षेपणास्त्र मातीत. एवढी महाग वस्तू शिकण्यापुरती किती उडवणार? हात बसतो तो सिम्युलेटरवर. सप्टेंबर २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिन्ही दलांत सिम्युलेटरचा वापर वाढवण्याचं धोरण मांडलं ते याच हिशेबाने.

पैसा ओतला म्हणजे जमतंच असंही नाही. अमेरिकी लष्कराने २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टशी जवळपास २२ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणारा चष्म्यांचा करार केला. चाचण्यांत सैनिकांची डोकी दुखली, डोळे शिणले, मळमळलं. पुढे काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं.

मळमळ इथेही होते. डोळे सांगतात चाललो, कानातला तोल सांगतो उभा आहे. सर पहिलं सत्र छोटंच ठेवतात, आणि जेवण झाल्या झाल्या कोणाला हेडसेट लावत नाहीत. आणखी एक नागपुरी पथ्य : हेडसेट खिडकीत ठेवायचा नाही. भिंगातून ऊन एकवटतं आणि आतला पडदा कायमचा जळतो. मे महिन्यात कुठलीही खिडकी त्यासाठी पुरेशी आहे.

[दृश्य : संध्याकाळची पाळी. फाटकावर रांग. काहींच्या डोक्याला कंपनीचं हेल्मेट, काहींच्या ठेकेदाराचं.]

आता पैशाचं. हेडसेट स्मार्टफोनच्या किमतीत मिळतो. महाग आहे ती आतली खाण : आपल्या खाणीचा उतार, आपला कोळसा वाहणारा पट्टा, आपली बाहेर पडायची वाट, हिंदीत आणि मराठीत. दुसऱ्या कोणाची तयार खाण स्वस्तात घेतली, तर पोरं दुसऱ्याच खाणीतून बाहेर पडायला शिकतील.

आणि यादीत नावं कोणाची? खाणीतल्या कामगारांना प्रशिक्षण देणं १९६६च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, ठेकेदाराचा माणूस त्यातून सुटत नाही. पण हेडसेटसारखी नवी वस्तू आली, की तिच्यापुढे आधी कायम नोकरीवाले बसतात आणि मग पाहुणे साहेब. या केंद्रातल्या सरांनी यंदा क्रम उलटा लावायचं ठरवलंय. सकाळची पहिली तुकडी ठेकेदाराच्या माणसांची. कायमवाले दुपारी, जेवण जिरल्यावर.