लिंक पाठवली म्हणजे एलओआर झालं असं नाही

तर मुलांनो, परदेशी युनिव्हर्सिटीला अर्ज करताना एसओपी (तिथे का शिकायचंय हे सांगणारा निबंध), ट्रान्सक्रिप्ट (मार्कांची अधिकृत नोंद), टोफेल (इंग्रजीची परीक्षा) हे सगळं तुमच्या हातातलं काम. एलओआर, म्हणजे सरांनी लिहायचं शिफारसपत्र, मात्र दुसऱ्याच्या हातात असतं आणि नेमकं तेच आपण शेवटच्या आठवड्यात उरकायला जातो. अमेरिकेत एमएसला, म्हणजे मास्टर्सला, बहुतेक ठिकाणी 3 लागतात, ब्रिटनमध्ये बऱ्याचदा 2. पत्र सहसा तुम्ही स्वतः अपलोड करत नाही, फॉर्ममध्ये सरांचं नाव, हुद्दा, ईमेल भरायचा, मग युनिव्हर्सिटीकडून लिंक थेट त्यांना जाते. काही पोर्टलवर नाव सेव्ह केलं की लगेच जाते, काहींवर फी भरून अर्ज सबमिट केल्यावरच. हे आधी बघा, नाहीतर तुम्हाला वाटतं सर लिहीत नाहीयेत आणि सरांना वाटतं पोराने विचार बदलला.

माझ्या एका विद्यार्थिनीने मॅडमचा कॉलेजचा ईमेल दिला, बरोबरच केलं, जीमेल दिसला की बऱ्याच ठिकाणी शंका घेतात. पण मॅडमचा मेलबॉक्स भरलेला, लिंक पोचलीच नाही. डिसेंबरचा पहिला आठवडा, सबमिशन चालू, टेबलावर जर्नलांचे गठ्ठे, ही पोरगी तीनदा दारापर्यंत जाऊन परत आली, विचारायचा धीरच होईना. शेवटी विचारलं तर मॅडमनी तिथेच चार जुने मेल उडवले, हिने फोनवरून पोर्टलमधून रिमाइंडर पाठवला, लिंक आली. पाच मिनिटांचं काम, आणि त्यापायी आठ दिवस झोप नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. 'तूच लिहून आण, मी सही करतो.' असं म्हणणारे सर वाईट नसतात, त्यांना वेळ नसतो, पण तुम्ही लिहू नका. आणि सरांच्या नावाने ईमेल आयडी काढणं तर सरळ फसवणूक आहे, मिळालेली अॅडमिशनही जाऊ शकते. त्याऐवजी एक पान द्या, कोणता विषय त्यांच्याकडे होता, मार्क किती, प्रोजेक्टमध्ये नेमकं तुम्ही काय केलं. 'मेहनती, होतकरू' नको. सेन्सरचं रीडिंग सारखं चुकत होतं म्हणून दोन शनिवार लॅबमध्ये बसून सगळं वायरिंग बदललं, हे लिहा, मग सरांना तुम्ही डोळ्यासमोर दिसता आणि पुढचं त्यांचं त्यांना सुचतं.

फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, पत्र बघायचा हक्क सोडता का? अमेरिकेत 1974 च्या कायद्याने तो हक्क दिलाय, सोडायची सक्ती नाही, पण माझं मत विचाराल तर सोडा. सर मोकळेपणाने लिहितात आणि वाचणाऱ्यालाही पत्र खरं वाटतं.

समजा डेडलाइन आहे 15 डिसेंबर रात्री 11:59, न्यूयॉर्कची वेळ, म्हणजे आपल्याकडे 16 तारखेचे सकाळचे 10:29. सरांना मात्र 1 डिसेंबरच सांगा आणि मध्ये एकदा आठवण करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उद्याच जाऊन विचारा, चारनंतर स्टाफरूममध्ये गर्दी कमी असते.